बॅजवरचा आकडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आम्हा निवृत्त रुग्णालय कर्मचाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी पेन्शनचे जीआर आणि रात्री गुडघेदुखीवरचे उपाय, एवढंच त्यावर चालतं. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर धुमश्चक्री चालू होती आणि ७ तारखेला देशभर भोंगे वाजवून सराव झाला. त्या आठवड्यात एकाने ग्रुपवर लिहिलं, "एकदाच काय तो टाका आणि विषय मिटवा." काय टाका, हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. अणुबॉम्बच! खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात दोन सिस्टर होत्या. माझ्याच डार्करूममध्ये बारा वर्षं काम केलेला सहायकही होता. मी दोनदा लिहायला घेतलं, दोनदा खोडलं. ६ ऑगस्टला हिरोशिमाला ८० वर्षं झाली तेव्हा पुन्हा विषय निघाला आणि पुन्हा तेच वाक्य आलं. ग्रुपवर भांडण नको म्हणून गप्प बसले, पण रात्री डोळ्याला डोळा लागेना. म्हणून हे पत्र. लांब वाटलं तर कात्री लावा, पण एक्स-रेचा भाग तेवढा ठेवा. मला त्यातलंच कळतं.

मी १९८० साली एका सरकारी रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागले आणि २०१४ साली निवृत्त झाले. आता सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं. आमच्या वेळी फिल्म हाताने धुवावी लागे. लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात हँगरला अडकवायची, आधी डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो, पुन्हा पाणी. पावसाळ्यात फिल्म वाळायच्या नाहीत, तेव्हा पंख्याखाली दोरीवर कपड्यांसारख्या टांगायच्या. नखं कायम पिवळट. आणि सगळ्यात जपायचं ते न वापरलेल्या फिल्मचं खोकं. एकदा एका शिकाऊ मुलाने खोकं उघडं असताना दार लोटलं. होत्या तेवढ्या फिल्म 'फॉग' झाल्या, म्हणजे धुतल्यावर नुसत्या काळ्या. बिचाऱ्याला महिनाभर ऐकून घ्यावं लागलं.

त्यामुळे हिरोशिमाविषयी जे वाचलं त्यात आगीच्या आणि ढगाच्या वर्णनांपेक्षा एक बारीकशी गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. बॉम्ब जिथे फुटला तिथून साधारण दीड किलोमीटरवर रेड क्रॉसचं रुग्णालय होतं. इमारत पक्की, म्हणून उभी राहिली. तिथल्या तळघरात एक्स-रेच्या फिल्म ठेवलेल्या होत्या. डॉक्टरांनी जाऊन पाहिलं तर साठाच्या साठा फॉग झालेला. कुणी दार उघडलं नव्हतं, वेष्टनं फाडली नव्हती. हा बॉम्ब नुसता आकाराने मोठा नव्हता, त्यातून आणखी काहीतरी निघालं होतं, याचा अंदाज तिथल्या डॉक्टरांना ज्या खुणांवरून आला त्यातली ही एक.

जमिनीखालच्या फिल्मचं जे झालं तेच वर रस्त्यावर चालणाऱ्या माणसांचं झालं होतं. फिल्म धुतली की लगेच दिसतं. माणसात दिसायला वेळ लागतो. ज्यांच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता, जे ढिगाऱ्यातून दुसऱ्यांना ओढून काढत होते, त्यांचे केस दोन-तीन आठवड्यांनी फणीत झुपक्याने यायला लागले. हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, रक्ताचे जुलाब. डॉक्टरांना आधी हगवणीची साथ वाटली. शरीरातल्या ज्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात त्यांना किरण आधी गाठतात: हाडांच्या आतला मगज, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. मगज मेला की पांढऱ्या पेशी संपतात, आणि मग साध्या फोडानेही माणूस जातो. १९४५ चं वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७४ हजार माणसं गेली. भाजून, चिरडून आणि अशी, हळूहळू.

आता बॅजचं सांगते. आमच्या एप्रनखाली छातीवर एक चपटा प्लास्टिकचा बॅज असायचा. टीएलडी बॅज म्हणतात त्याला. आत तीन लहान चकत्या. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा आणि कागद यायचा: अमुक कर्मचाऱ्याला या तिमाहीत एवढा किरणोत्सर्ग बसला. पुष्कळजण तो खुंटीला अडकवून काम करायचे; कागदावर शून्य आलं की खूश. मी मात्र घालायचे, कारण माझ्या सासूबाईंना वाटायचं की या नोकरीने मला मूल होणार नाही आणि मला तो कागद घरी नेऊन दाखवायचा असे. पुढे दोन झाली.

मी लागले तेव्हा कर्मचाऱ्याच्या अंगावर बसणाऱ्या किरणांची मर्यादा होती वर्षाला ५ रेम (किरण मोजायचं जुनं माप), म्हणजे आजच्या मापात ५० मिलिसिव्हर्ट. नव्वदच्या दशकात ती खाली आली: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. प्रशिक्षणाला गेलो होतो तिथे मी सरांना विचारलं, "सर, मशीन तेच, आम्ही तेच, मग आकडा कमी कसा झाला?" ते म्हणाले, "हिरोशिमाचा हिशेब बदलला." मला वाटलं थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानमध्ये 'हिबाकुशा' म्हणतात. १९५० पासून दोन्ही शहरांतल्या सुमारे १ लाख २० हजार माणसांची नोंद ठेवली गेली, त्यातली जवळपास ९४ हजार बॉम्ब पडला तेव्हा त्या शहरांत होती. कोण कुठे उभं होतं, मध्ये भिंत होती का, पुढे कुणाला काय झालं, कोण कशाने गेलं. रक्ताचा कर्करोग आधी वाढला, दोन-तीन वर्षांतच, आणि लहान मुलांत जास्त. मग थायरॉइड, स्तन, फुप्फुस, जठर. किरण तेवढेच बसले तरी पुरुषांपेक्षा बायकांना कर्करोगाचा धोका जास्त, आणि लहानपणी बसले तर आणखी जास्त, हेही त्यातूनच कळलं. १९९० च्या सुमारास कुणाला किती किरण बसले याचा हिशेब नव्याने मांडला गेला, माणसंही वयाने वाढली होती, आणि धोका आधी वाटला त्याहून मोठा निघाला. म्हणून जगभरच्या एक्स-रेवाल्यांची मर्यादा उतरली. माझीही.

म्हणजे चौतीस वर्षं ज्या आकड्याच्या आडोशाला मी उभी होते, तो त्या लोकांच्या अंगावर मोजलेला होता. आणि मोजणाऱ्यांनी त्यांना कसं वागवलं? १९४७ पासून अमेरिकनांनी तिथे केंद्र उघडलं. जीपमधून लोकांना न्यायचे, कपडे उतरवून तपासायचे, रक्त घ्यायचे, फोटो काढायचे, घरी सोडायचे. उपचार नाहीत, ते त्यांच्या कामातच बसत नव्हतं. 'आम्हाला प्रयोगातले उंदीर केलं,' ही त्या माणसांची तक्रार आयुष्यभर राहिली. माझ्या चौतीस वर्षांच्या सगळ्या बॅजांची बेरीज २० मिलिसिव्हर्ट सुद्धा भरत नाही. हिरोशिमात स्फोटाच्या खालच्या जागेपासून एक किलोमीटरवर उघड्यावर असलेल्या माणसाच्या वाट्याला ४ हजारांच्या वर आले, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. उपचार नसतील तर एवढ्यात निम्मी माणसं दोन महिन्यांत संपतात. आजच्या मशीनवर छातीच्या एका फोटोला साधारण ०.०२ लागतात. पुढचा भागाकार ग्रुपवरच्या मंडळींनी करावा, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे.

आमच्या कामात एक प्रश्न विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही असा दंडक होता. समोर बाईमाणूस असलं की विचारायचं, "दिवस राहिलेत का? पाळी चुकलीय का?" खेड्यातून आलेल्या बाया लाजायच्या, सोबतची सासू रागावायची, एकदा तर एका नवऱ्याने माझ्या अंगावर ओरडून घेतलं. पण विचारायचंच. पोटातल्या बाळाला किरण चालत नाहीत. हेही अर्थात तिथूनच पक्कं झालं. हिरोशिमा-नागासाकीत ज्या बायका आठ ते पंधरा आठवड्यांच्या गरोदर होत्या, त्यांतल्या काहींची मुलं लहान डोक्याची आणि मतिमंद जन्मली. त्या आईबापांनी वीस वर्षं आपली मुलं घरात लपवून वाढवली. १९६५ साली ते एकमेकांना भेटले आणि त्यांनी एक मंडळ काढलं. नाव ठेवलं 'किनोको-काई', म्हणजे अळंब्यांचं मंडळ. अळंबी म्हणजे तो ढग, आणि पालापाचोळ्याखालून डोकं वर काढणारं ते इवलंसं रोपही. मी एका बाईला विचारायची विसरले असते तर माझी चौकशी लागली असती. त्या सगळ्या बायकांना न विचारता बटण दाबलं गेलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपल्या, म्हणजे अण्वस्त्रांना विरोध करणाऱ्या बाजूचेही लोक वाढवून सांगतात. 'पिढ्यान् पिढ्या लुळीपांगळी मुलं जन्मतात' असं भाषणांत ऐकते. वाचलेल्यांना पुढे झालेल्या मुलांचीही इतकी वर्षं तपासणी झाली आहे, आणि आनुवंशिक आजार वाढल्याचं त्यात आढळलेलं नाही. पण लोकांनी तसं धरलं. हिबाकुशा मुलींची लग्नं मोडली, मुलांनी गावाचं नाव लपवलं. आपल्याकडे घराण्यात कोड आहे म्हटल्यावर जे होतं तेच. खरं आहे तेच इतकं भयंकर आहे की त्याला तिखटमीठ लावायची गरज नाही. तिथे ७० वर्षं गवताची काडी उगवणार नाही अशी आवई तेव्हा उठली होती, आणि लवकरच कण्हेर फुलली. हिरोशिमा शहराचं फूल म्हणून आज कण्हेरच आहे. आपल्या हायवेच्या दुभाजकावर असते तीच.

आता ग्रुपवरचे उपाय. मे महिन्यात दोन निरोप फिरत होते. एक, घरात आयोडीनच्या गोळ्या ठेवा, मग काही होत नाही. दोन, शेणाने सारवलेल्या भिंतीतून किरण येत नाहीत. दुसऱ्याला मी एवढंच सांगते की आमच्या एक्स-रे खोलीच्या भिंती नऊ इंची विटेच्या होत्या, दाराला शिशाचा पत्रा होता, आणि तेवढं सगळं पायापुरत्या, छातीपुरत्या एका लहानशा मशीनसाठी. शेणाने काम झालं असतं तर सरकारने शिशाला पैसे घातले नसते. गोळीचं म्हणाल तर ती फक्त थायरॉइडची ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. तीही वेळेवर घेतली तर. स्ट्रॉन्शियम हाडांत जातं, कारण शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं. सीझियम स्नायूंत जातं. त्यांना गोळी विचारत नाही. दोघांचंही तेज निम्मं व्हायला तीसएक वर्षं लागतात. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने १५ मेगाटनचा बॉम्ब उडवून पाहिला, हिरोशिमाच्या हजारपट. राँगेलाप बेटावर बर्फासारखी पांढरी राख पडली आणि पोरं तिच्यात खेळली. दोन दिवसांनी त्यांना हलवलं. त्यांतल्या बहुतेकांच्या गळ्यात पुढे थायरॉइडच्या गाठी आल्या.

त्याच राखेत एक जपानी मासेमारी बोट सापडली होती. २३ खलाशी. त्यांचा रेडिओवाला, आइकिचि कुबोयामा, त्याच सप्टेंबरात वारला. टुना मासळीतून किरण सापडायला लागल्यावर टोकियोत मासळी कोण घेणार? सुगिनामी नावाच्या भागातल्या मासळीवाल्यांनी आधी ओरड केली आणि मग तिथल्या बायका सह्यांचे कागद घेऊन घरोघर फिरल्या. पुढारी नाहीत, पक्ष नाही. वर्ष-दीड वर्षात जपानभर ३ कोटींहून जास्त सह्या झाल्या. आपल्याकडेही २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत उभं राहून चाचण्या थांबवा असं म्हटलं. तोवर सरकारी पातळीवर असं कुणी म्हटलं नव्हतं.

मला सगळ्यांत आवडते ती दातांची गोष्ट. आपल्याकडे पोराचा दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकतात. अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९५८ साली डॉ. लुईस रीस या बाईंनी आणि बॅरी कॉमनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आयांना सांगितलं, दात फेकू नका, आम्हाला द्या. वाळवंटात बॉम्ब उडवून पाहत होते, त्याची धूळ वाऱ्याने शेकडो मैल जायची, गवतावर पडायची, गवत गाय खायची, दूध पोरं प्यायची. स्ट्रॉन्शियम दातांत बसायचं. दात देणाऱ्या पोराला एक बिल्ला मिळायचा, 'मी माझा दात विज्ञानाला दिला' असा. आमच्यासारखाच बॅज, पण त्यांचा मानाचा. पुढे जमले सुमारे ३ लाख २० हजार दात! चाचण्या जसजशा वाढल्या तसतसं दातांतलं स्ट्रॉन्शियमही वाढलेलं निघालं. ५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत करार झाला आणि हवेत, पाण्यात, अंतराळात चाचण्या करायला बंदी आली. नुसत्या दातांनी झाला असं मी म्हणत नाही, पण दातांचा वाटा होता हे सगळेच मानतात. त्यानंतर जन्मलेल्या पोरांच्या दातांतलं प्रमाण उतरत गेलं. चाचण्या मात्र जमिनीखाली चालूच राहिल्या. सोव्हिएत संघाच्या सेमिपलातिन्स्कला हवेतल्या नि जमिनीखालच्या मिळून ४५६ झाल्या. तेही मैदान बंद पडलं ते कझाकस्तानच्या लोकांनी १९८९ साली चळवळ उभारली म्हणून. तिचा म्होरक्या एक कवी होता, ओल्झास सुलेमेनोव्ह. २९ ऑगस्ट १९९१ ला तिथे कुलूप लागलं.

आपल्या मातीतलंही एक सांगते. १९६२ च्या जूनमध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीला राजघाटावरून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन, अण्वस्त्रं असलेल्या चार राजधान्या. निघताना विनोबांनी त्यांना सांगितलं होतं, खिशात पैसा ठेवू नका. आमच्या कोकणातल्या गागोद्याचा हा माणूस, भूदानासाठी सगळा देश पायी तुडवलेला. त्याला ठाऊक होतं की पैसे नसले की रोज कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं आणि बोलावं लागतं. वाटेत सोव्हिएत जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार राजधान्यांतल्या चार पुढाऱ्यांसाठी. निरोप असा, की बटण दाबायचा विचार मनात आला तर आधी एक कप चहा करून प्या. याहून शहाणा निरोप मी कुठल्याच शांतता परिषदेच्या बातमीत वाचलेला नाही.

डॉक्टर लोक जरा उशिरा जागे झाले, पण झाले. १९८० साली अमेरिकेचे बर्नार्ड लाउन आणि रशियाचे येवगेनी चाझोव्ह, दोघेही हृदयविकाराचे डॉक्टर, यांनी अणुयुद्धाविरुद्ध डॉक्टरांची संघटना काढली. १९८५ ला तिला शांततेचं नोबेल मिळालं. तिच्याशी जोडलेली भारतातल्या डॉक्टरांचीही संघटना आहे. त्यांचं म्हणणं अगदी साधं: या आजारावर आमच्याकडे इलाज नाही, तेव्हा तो होऊच देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही ऐंशीच्या दशकात हेच लिहून ठेवलं, की जगातली कुठलीही आरोग्यव्यवस्था याला पुरी पडणार नाही. मला हे कळायला अहवालाची गरज नव्हती. आमच्या जळीत कक्षात आठ खाटा होत्या. एका उन्हाळ्यात घाटात गाडी पेटली आणि अकरा माणसं आली. अकराच! तीन व्हरांड्यात ठेवली. सलाइन संपलं, ड्रेसिंगचं कापड संपलं, दोन पुण्याला पाठवली त्यातलं एक वाटेत गेलं. मी एक्स-रेवाली, पण त्या रात्री पंखा घेऊन बसले होते. हिरोशिमात शहरातले ९० टक्के डॉक्टर आणि नर्स स्वतःच मेले होते किंवा जखमी होते. अंगठा दिलेल्या त्या दोन सिस्टर त्या उन्हाळ्यात माझ्याबरोबर ड्यूटीवर होत्या. त्यांना मी काय सांगणार?

कुणी म्हणेल, बाईला देशाचं पडलेलं नाही. आम्ही सातारा जिल्ह्यातले, इथे घरटी फौजी. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं फौजेत होता. आणि ११ मे १९९८ ला, बुद्धपौर्णिमेला, पोखरणला स्फोट झाल्यावर आमच्या ओपीडीत पेढे वाटले तेव्हा मीही पेढा खाल्ला होता. गोड लागला. २८ मेला पाकिस्तानने चागईला उडवले तेव्हा भाऊ रजेवर होता. तो एवढंच म्हणाला, "ताई, आता आमचं काम उरलं नाही." तेव्हा अर्थ कळला नाही. शेजारच्याकडे आहेत, म्हणून आपल्याकडे हवेत, हे मला समजतं. पण २०२२ च्या एका अभ्यासात मांडलंय की या दोन देशांत असं युद्ध झालं तर शहरं जळून उठलेली काजळी वर आकाशात वर्षानुवर्षं राहील, ऊन अडेल, थंडी वाढेल, आणि पिकं बुडून जगभर २०० कोटींहून जास्त माणसं उपाशी मरतील. 'विषय मिटवा' म्हणणाऱ्या आमच्या मित्राची चार एकर कोरडवाहू आहे. एक पाऊस लांबला तर तो आठवडाभर ग्रुपवर तेच लिहितो.

आणि आपल्या देशाचीही जुनी भाषा आठवावी. १९८८ साली राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रं टप्प्याटप्प्याने संपवायचा आराखडा मांडला. १९९५ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे भारतानेच लिहून दिलं की अण्वस्त्रांचा वापर बेकायदा आहे. ७ जुलै २०१७ ला १२२ देशांनी बंदीचा करार मंजूर केला आणि २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. त्यासाठी धडपडणाऱ्या 'आयकॅन' या मोहिमेला २०१७ चं नोबेल मिळालं. ते घ्यायला हिरोशिमातून तेराव्या वर्षी वाचलेल्या सेत्सुको थर्लो गेल्या होत्या. २०२४ चं मिळालं हिबाकुशांच्या 'निहोन हिदानक्यो' या संघटनेला. भारताने या करारावर सही केलेली नाही. उद्या करावी असं म्हणण्याएवढी मी भाबडी नाही. पण या कराराच्या बैठकीला सही न केलेले देशही निरीक्षक म्हणून जाऊन बसतात. जर्मनी बसली, नॉर्वे बसलं, ऑस्ट्रेलिया बसलं. आपण मागच्या बाकावर बसून ऐकायला काय हरकत आहे? आमच्या खासदारांना मी एवढंच लिहिलंय.

हिबाकुशांची संख्या २०२५ मध्ये पहिल्यांदाच १ लाखाच्या खाली गेली, सरासरी वय ८६. मी स्वतः ६९ ची. म्हणून ऑगस्टअखेर आणखी एक उद्योग केला. हिरोशिमाच्या महापौरांनी १९८२ साली शहरांची एक संघटना सुरू केली, 'मेयर्स फॉर पीस'. आज १६० हून अधिक देशांतली ८ हजारांवर गावं-शहरं तिच्यात आहेत. सामील व्हायला महापौराची, म्हणजे आमच्यासारख्या लहान गावात नगराध्यक्षांची सही लागते. मी मराठीत अर्ज लिहिला, नातीने टाइप करून दिला, मी आणि तीन मैत्रिणींनी सह्या केल्या आणि नगरपरिषदेत गेलो. आवक-जावकवाल्या मुलाने अर्ज वरून खालून वाचला आणि विचारलं, "आजी, हे कुठल्या टेबलाला लावू? पाणीपुरवठा, बांधकाम, कर?" मी म्हटलं, "आरोग्य." त्याने शिक्का मारला, नंबर घातला. मग म्हणाला, पण सध्या नगराध्यक्ष नाहीत, प्रशासक आहेत. निवडणूक झाली की या.

निवडणूक होईल तेव्हा होईल, असं मी म्हटलं. दर सोमवारी बाजाराला जाते तेव्हा आरोग्य विभागात डोकावून अर्ज फाइलमध्ये आहे ना ते बघून येते. परवा तिथल्या क्लार्कने स्वतःहून विचारलं, "आजी, तो फिल्मचा किस्सा खरा आहे का हो?" अर्जात तो लिहिला होता, तेव्हा निदान त्याने अर्ज वाचला आहे.

आपली,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन
सातारा जिल्हा
(कृपया नाव छापू नये.)